भोकं बुजवणारं अपडेट

आमच्या दुकानाला आजवर एकच इमानदार वॉचमन मिळाला, तोही वीस मिनिटांसाठी. दगाजी आबा.

धानोऱ्यात माझं आणि बायकोचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे ना, तिथलीच गोष्ट. आबा शेजारच्या गावाहून नातीचा उत्पन्नाचा दाखला काढायला आले. कॉलेजात द्यायचा शेवटचा दिवस, आणि नेमका कॉम्प्युटर अपडेट घेत बसलेला.

"काय करी ऱ्हायना हाऊ?" आबांनी विचारलं.

मी समजावलं, अपडेट छोटंच आहे, पण चोर ज्या भोकांतून आत शिरतात ती बुजवतंय.

"मंग मी दारवर बठस," म्हणत आबांनी काठी उचलली आणि उंबऱ्यावर जाऊन बसले.

अपडेट संपलं. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. तो बायकोने कालच बदललेला. ती बाहेर गेलेली, एव्हाना यायला हवी होती, आणि तिचा फोन माझ्याच टेबलावर चार्जिंगला!

मी दाराशी गेलो. "आबा, कोणी आलं होतं का?"

"एक बाई उनी व्हती. म्हने, मी मालकीन शे, पासवर्डबी मालेच माहीत शे. मी म्हनं, चोरबी असंच सांगतस!"