बेबीचा उजवा खांदा

हॅलो?… हां, बोल बेबी… झोपतेय कुठली, टेबलापाशी बसलेय. हात काळे झालेत म्हणून फोन दोन बोटांत धरलाय… कोळसा गं, चित्राचा… हो, हो, तुझा कोट झालाय. फक्त बटणं राहिलीत. परवा तुझ्या निरोप समारंभात मिरवशील… हो, घातलंय पॅड. उजव्या खांद्याला जाड, डाव्याला पातळ. दर वेळी काय विचारतेस? चाळीस वर्षं तुझे कपडे शिवतेय, विसरेन का मी.

अगं ऐक ना, मीच तुला फोन करणार होते. पंचाईत झालीय… नाही, तब्येत ठणठणीत आहे. चित्राची पंचाईत… हसू नकोस. उद्या सकाळी क्लासमध्ये उभ्या माणसाचं चित्र न्यायचंय. जमलं तर पुढच्या वर्गात, नाही तर परत सुरई आणि सफरचंदं… सहा महिने तेच काढलंय गं. आता सफरचंद खायलासुद्धा नको वाटतं.

चुकतं काय? मॅडम म्हणतात, "आजी, तुमची माणसं उभी नाहीत, हँगरला टांगलीत"… हो, आजी म्हणते मला. तुझ्या लेकीएवढी पोर आहे… मापं? मापांत एक सूत इकडचं तिकडे नाही. कमरेपासून गुडघा किती, हे मी टेप न लावता सांगते. तरी माणूस आपला कागदावर वाळत घातल्यासारखा.

गेल्या खेपेला समोर उभं राहायला वॉचमनकाकांना बोलावलं होतं. पाठीला पोक, एक खांदा वर, एक खाली. तासभर खपून मी चित्र काढलं. मॅडम आल्या, बघितलं, म्हणाल्या, "हे कोण?"… थांब, पुढे ऐक. काका स्वतः जवळ येऊन बघून म्हणाले, "बाई, इतका ताठ मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हतो"… हास, पोटभर हास. मीही तिथे हसले, काय करणार.

मग घरी येताना बसमध्ये डोक्यात उजेड पडला. मी माणसं दुरुस्त करते गं… हो ना. दुसरं केलंय काय जन्मभर? पोक असेल तर पाठीत कापड सोडायचं, एक पाय तोकडा असेल तर त्या पायाची दुमड जास्त घ्यायची. कुणाला कळता कामा नये. आता कात्री जाऊन पेन्सिल आली, तरी हात तेच करतो. मला कळलंय, हाताला अजून कळत नाहीये.

ह्यांना उभं केलं ना. "अहो, नेहमीसारखे उभे राहा," म्हटलं, तर पोट आत घेतलं, श्वास रोखला… हो, पासपोर्टच्या फोटोसारखे. तिसऱ्या मिनिटाला खुर्चीत. आता बाल्कनीत पेपर वाचतायत.

थांब, थांब. बेबी, तू आत्ता कशी उभी आहेस?… अगं सांग तर. पॅसेजमध्येच ना?… फोन डाव्या कानाला. बरं. वजन कुठल्या पायावर?… म्हणजे असंच अर्धा तास उभी राहिलीस तर कुठला पाय आधी दुखेल?… उजवा. आणि डावा?… चपलांच्या कपाटाला टेकवलाय. छान. हलू नकोस आता… बोल की, बोलायला कोण नको म्हणतंय? नुसती हलू नकोस… चेहरा नकोय मला, तो शेवटी. मॅडम म्हणतात, आधी वजन कुठे आहे ते बघा, मग माणूस काढा.

गळ्याखालची खाच… तिथून सरळ रेघ खाली, उजव्या घोट्यावर. उजवा पाय ताठ, म्हणजे कंबर उजवीकडून वर. मग खांदा त्याच बाजूला उतरणार… अगं, ट्रायलला आलेल्या बायका अशाच तर उभ्या राहायच्या. मीच ओरडायचे, "सरळ उभ्या राहा हो"… उजव्या हातात काय आहे?… फडकं. लोंबू दे, लोंबू दे.

हं?… नाही, गप्प नाही झाले. खोडतेय… तुझा उजवा खांदा. वर काढला गेला. आपोआप गं. कागदावरसुद्धा पॅड घालून मोकळी झाले मी… थांब जरा.

बेबी, एक बोलू? सायकल मी चालवत होते… तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे. पण बोलू दे. तू मागून "ताई, हळू" म्हणत होतीस आणि मी उतारावर मुद्दाम पाय सोडून दिले. दोघी आपटलो, आणि तुझ्या खांद्याचं हाड नीट जुळलं नाही ते नाहीच. पुढे शिवण शिकले आणि पहिलं काम काय केलं, तर तुझा खांदा झाकला. तुझ्यासाठी, म्हणायचे. खरं सांगू, मलाच तो बघवत नव्हता… अगं नाही, रडत नाहीये. कोळशाचा हात डोळ्याला लागला… हो, वेडीच आहे. पहिल्यापासून आहे.

काढला. आहे तसा काढला. डाव्यापेक्षा दोन बोटं खाली… बेबी, उभी राहिली गं. खरंच सांगते, पायावर वजन आलंय. हाक मारली तर वळून बघेल.

थांब, हे आत आलेत. तू बोलू नकोस काही… अहो, इकडे या. हे बघा जरा… राहू दे चष्मा, असंच बघा…

बेबी, ऐकलंस?… नाही ऐकू आलं? म्हणाले, "बेबी फोनवर बोलतेय, दुसरं कोण"… शपथ घेऊन सांगते, चेहरा नाहीये. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता अंड्यासारखा गोल आहे… मीही तेच विचारलं. म्हणतात, खांद्यावरून… हो. पहिल्यापासून माहीत होतं त्यांना. तू बसमधून उतरलीस की गर्दीत खांद्यावरूनच शोधतात तुला… पॅड असलं तरी. पॅड घातलं म्हणून चालणं बदलतं का, म्हणतात… नाही, बोलले नाहीत कधी. त्यात बोलायचं काय, असं विचारतायत मला.

अगं हसतेयस की रडतेयस, काय ते एक सांग.

काय?… परत बोल… कोटातलं पॅड काढू?… अगं, पण परवा सगळं ऑफिस येणार, फोटो निघणार… नक्की? मागून माझ्या नावाने खडे फोडशील… बरं. बरं बाई.

वेळ कसला लागतोय? बसवायला अर्धा दिवस जातो, उसवायला दोन मिनिटं. मग उजवा खांदा दोन बोटं उतरवून घेते, म्हणजे कापड तुझ्या अंगावर नीट बसेल… हो, कात्री हातातच आहे. आणि बेबी, पाय बदल आता, मुंग्या आल्या असतील… ठेवते.