कोयुकीचा आवाज

हारुए : बूट इथंच काढा बाई, आणि सपाता नकोत. वाजतात. अनोळखी पाऊल ऐकलं की माझा मुलगा दाराला कपाट सरकवून बसतो.

मिनेगिशी : हारुएबाई, अजून विचार करा. मी आता सुपरमार्केटात स्पीकरवरून ‘आजचा बांगडा ताजा आहे’ एवढंच बोलते.

हारुए : पण त्या प्रेमाच्या व्हिडिओ-खेळातल्या कोयुकीचा आवाज तुमचाच ना?

मिनेगिशी : होता. तिशीत होते मी. ‘तू मला आवडतोस’ हे शंभर तऱ्हांनी म्हणवून घेतलं होतं माझ्याकडून.

हारुए : माझा तोमोया फक्त तिच्याशीच बोलतो. आधी ते हातात धरायचं यंत्र होतं, मग खेळ मोबाइलवर आला. ती रोज विचारते, ‘उठलास का रे, तोमोया?’ हा म्हणतो, ‘हो.’ इतकं गोड ‘हो’ माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

मिनेगिशी : बाहेर येतच नाही?

हारुए : पहिल्याच नोकरीत काहीतरी झालं. काय ते सांगितलं नाही. खोलीत गेला तो गेलाच. त्याचे वडील वारले तेव्हाही दार उघडलं नाही. आता सोमवारी माझं पोट फाडणार आहेत, आणि परत घरी याल असं डॉक्टर काही छातीठोक सांगत नाहीत. त्याच्या दाराशी जेवण कोण ठेवणार?

मिनेगिशी : त्याला सांगितलंत हे?

हारुए : दाराबाहेरून सांगितलं. आतून खेळाचा आवाज मोठा झाला.

मिनेगिशी : चला वर.

(माडीवर, बंद दारापुढे.)

मिनेगिशी : तोमोया... उठलास का रे?

हारुए : अगंबाई! तीच. अगदी तीच.

मिनेगिशी : मी कोयुकी. बाहेर ये ना. आईला बरं नाहीये तुझ्या. आपण तिघं मिळून चहा घेऊ.

तोमोया : कोण आहे?

मिनेगिशी : कोयुकी.

तोमोया : खोटं.

मिनेगिशी : अरे, ऐकून तर घे...

तोमोया : थांबा. ‘रे’ तसाच म्हणता तुम्ही, अलगद सोडून दिल्यासारखा. पण आवाज चिरकलाय. वय काय तुमचं?

मिनेगिशी : त्रेपन्न.

तोमोया : ती सतरा वर्षांची आहे.

मिनेगिशी : तिला तसंच ठेवलंय, तोमोया. मला कोण ठेवणार?

हारुए : बाळा, चिडू नकोस. मीच आणलं त्यांना. माझं नाही, तिचं तरी ऐकशील म्हणून.

तोमोया : आई, मी किती वर्षांचा झालो?

हारुए : दार उघड, सांगते.

तोमोया : तिथूनच सांग.

हारुए : एकोणचाळीस.

तोमोया : एवढा मोठा माणूस होऊन आता कसा बाहेर येऊ? लोक विचारतील, इतके दिवस कुठं होतास.

हारुए : कोणी विचारणार नाही. मी आहे ना.

तोमोया : सोमवारनंतर?

हारुए : आधी दार उघड, मग बोलू.

तोमोया : मोबाइल बंद केलाय मी. तिचं बोलणंसुद्धा आता ऐकवणार नाही मला. तुम्ही दोघी खाली जा.

हारुए : तोमोया! बाळा! ... बाई, मारा ना अजून एक हाक.

मिनेगिशी : कुणाच्या आवाजात मारू, हारुएबाई?