बंद बंगल्यांची दिवेलागण

समुद्राकाठच्या बसथांब्यावर नर्सबाई ड्यूटी आटोपून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर सासू-सून, पायाशी बोचकं. समोर टेकडीवरचे बंगले उजळले होते.

"सगळीकडे दिवे लावलेस ना गं?"

"लावले, आई. मालक सुट्टीतच येणार. तोवर घरात माणसं आहेत असं चोरांना वाटायला नको?"

"किल्ल्या?"

"फाटकावर परत दिल्या."

"आणि पलंगावर बसलीस, हो ना?"

"जराशी टेकले. अहो, ढगावर बसल्यासारखं!"

"मला बाई तो निळ्या पडद्यांचा बंगला आवडतो. आज तिथेच झोपू."

"तिथली खिडकी समुद्राकडे आहे. तुम्हाला वारा बाधतो."

"मग पडदा ओढ की!"

"ओढला. मिटा डोळे."

सुनेने बोचक्यातली चादर बाकावर अंथरली. सासूने पाय वर घेतले. तेवढ्यात बस आली, नर्सबाई उठल्या.

"निघालात? आमच्याकडे येऊन घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाहीत," सासू डोळे मिटूनच म्हणाली. "जाताना तेवढं दार ओढून घ्या हं."

थांब्याला दार नव्हतं. नर्सबाईंनी ते आवाज न करता ओढून घेतलं.