जातीनं लक्ष घालतो

नाही, पण मला एक सांगा, कुठल्या घरातला नवरा सकाळी उठून स्वयंपाकघरात येतो, बायकोच्या खांद्यावर हात ठेवतो आणि विचारतो, "काय, कसं काय चाललंय? काही अडचण?" अहो, अडचण! मुलगी लग्न होऊन परदेशात गेली, आणि यांना आत्ता विचारायचं सुचतंय, अडचण काय! आणि तेही कधी? तर निवडणूक नाही, पोटनिवडणूक नाही, सोसायटीची साधी मीटिंगसुद्धा नाही... अशा भर शांततेत! मी हातातला झारा तसाच धरून उभी. म्हटलं, झालं, आता काय वाढून ठेवलंय कोण जाणे.

कारण, तुम्हाला सांगते, खांद्यावर हात पडला की समजायचं, काम गेलं!

आमचे हे आमदार. म्हणजे अधूनमधून पडतात, पण एकंदरीत आमदार. आणि यांची सगळी आमदारकी या उजव्या हातात आहे. माणूस ऑफिसात येतो, तावातावानं बोलायला लागतो, की हे उठतात, टेबलाला वळसा घालून येतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि असा खोल आवाज काढतात, "मी जातीनं लक्ष घालतो." की तो विरघळला! वर यांनाच धन्यवाद देतो, चहा पिऊन निघतो, आणि पार कोपऱ्यावर गेल्यावर त्याच्या लक्षात येतं, की अरे, आपला अर्ज तर आपल्याच हातात राहिला! तोवर यांचा हात दुसऱ्या खांद्यावर.

बाहेर काय करायचं ते करा हो, पण घरात? आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. टप... टप... टप. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हे पहिल्यांदा निवडून आले होते. खांद्यावर हात. "जातीनं लक्ष घालतो." आणि घातलं बरं का! चार कार्यकर्ते घेऊन नळाची पाहणी केली, फोटोसुद्धा काढला, हे नळाकडे बोट दाखवतायत आणि चौघं गंभीर! मग मीच प्लंबरला फोन केला. तो बिचारा पाना घेऊन जिन्यापर्यंत आला, तर यांच्या पोरांनी त्याला खालीच अडवला. का? तर म्हणे, "वहिनी, हा समोरच्या गटाचा आहे. स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दिला तर उद्या बाहेर काय सांगेल?" अहो काय सांगेल? नळ गळतो हेच सांगेल ना! आणि शहरात दुसरे प्लंबर नाहीत का, तर आहेत, पण एक याचा भाऊ आणि दुसरा याचा मेहुणा. म्हणजे आख्खी पाइपलाइन विरोधी पक्षात! नळ गळतोच आहे.

आता यांच्या निवडणुका म्हणाल तर तो वेगळाच तमाशा. पहिल्यांदा उभे राहिले अपक्ष. चिन्ह मिळालं कंगवा. यांना! ज्या माणसाच्या डोक्यावर तेव्हासुद्धा औषधालाही केस नव्हता, तो गल्लीगल्लीत हात वर करून कंगवा दाखवतोय! लोक प्रेमानं भेटायचे, पोट धरून हसायचे, आणि मत दुसऱ्याला द्यायचे. पडले. दुसऱ्यांदा एका पक्षानं तिकीट दिलं, चिन्ह शिडी. निवडून आले. तिसऱ्यांदा शिडीवरून उतरून दुसऱ्याच पक्षात गेले. मी विचारलं, "अहो, हे कशाला?" तर खांद्यावर हात. "मतदारसंघाच्या विकासासाठी." परत पडले. मग पुन्हा शिडी, पुन्हा आमदार. आणि या सगळ्या चढउतारात मी काय करत होते? तर शाळेत गणित शिकवत होते.

हं, आता खरं दुखणं सांगते. आमच्या शाळेत मुख्याध्यापिकेची खोली आहे, लहानशीच, खिडकीतून आख्खं मैदान दिसतं. आत फिरती खुर्ची. डाव्या हाताचं रेक्झिन फाटलंय, तिथं चिकटपट्टी लावलीय. ती खुर्ची मला हवी आहे. हवी म्हणजे हवी! लाज कसली त्यात? पहिल्यांदा जागा रिकामी झाली तेव्हा संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही आमदारांच्या घरच्या. तुम्हाला शाळेसाठी वेळ कुठून मिळणार?" दिली दुसरीला. दुसऱ्यांदा रिकामी झाली, तोवर हे पडलेले. तेच अध्यक्ष, तोच चष्मा, म्हणाले, "बाई, आता तुमचे साहेब सत्तेत नाहीत, संस्थेची कामं कशी व्हायची?" दिली तिसरीला! म्हणजे हे चढले तरी मी खाली, आणि हे पडले तरी मी खाली! आणि आता आमच्या मोठ्या बाई निवृत्त होणार, नंबर माझा, अध्यक्षसुद्धा बदललेले, सगळं जमून आलेलं... आणि नेमका तेव्हाच हा हात माझ्या खांद्यावर!

संशय येणार नाही तर काय होईल?

बरं, तेवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. त्याच आठवड्यात हे सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसायला लागले. रोज! सासूबाई म्हणजे काय, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. लेक दिसायचा तो टीव्हीवर, आणि टीव्हीवर दिसला की त्या चॅनल बदलायच्या. त्या आईचे गुडघे हे चेपून देतायत! तिला नवा चष्मा आणला. मी म्हटलं, ओळखलं! आधी आईला फोडायची, आणि मग दोघांनी मिळून मला धरायचं. मग एके दिवशी फोटोग्राफर घरी आला. "काही नाही गं, घरात एक चांगला फोटो असावा." सासूबाईंना मधे बसवलं, मी शेजारी. फोटोग्राफर म्हणतो, "वहिनी, जरा सरका... अजून जरा... अजून..." मी पार पडद्यापर्यंत पोचले. मला वाटलं, उजेड नीट पडावा म्हणून सांगत असेल.

आणि मग शाळेत मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाई माझ्या कानाशी लागल्या, "काय हो, तुमचा मतदारसंघ बायकांसाठी राखीव झाला म्हणे?"

पेटला ना दिवा! गणिताची बाई मी, मांडलं की गणित. जागा बाईची. हे बाप्ये. म्हणजे हे उभे राहू शकत नाहीत. म्हणजे घरातली बाई उभी करायची, सही तिची, गाडीत मागे ती, आणि कारभार यांचा. बाई म्हणजे कोण? मी! आणि उभं राहायचं तर आधी नोकरीचा राजीनामा. म्हणजे गेली खुर्ची! तिसऱ्यांदा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नववीच्या वर्गात गेले आणि फळ्यावर काय लिहिलं मलाच कळलं नाही, पोरं म्हणाली, बाई, हे तर उद्याचं आहे.

त्या दिवसापासून मी तयारीला लागले. आंघोळ करताना, भाजी चिरताना, पेपर तपासताना, एकच भाषण घोकत होते. 'मी उभी राहणार नाही. मी बाहुली नाही. तुम्ही मला शिडीवर चढवाल आणि खालून शिडी धरून उभे राहाल, आणि मी काय तिथून हात हलवू?' काय सांगू तुम्हाला, असलं झालं होतं ते भाषण, मीच ऐकून मनात टाळ्या वाजवल्या.

आणि तो क्षण आला. जेवणं झाली होती, मी ओटा पुसत होते, नळ टप टप, आणि मागून हात. खांद्यावर! म्हणाले, "अगं, तुझ्याशी जरा महत्त्वाचं बोलायचं होतं."

मी गर्रकन वळले. म्हटलं, "एक अक्षर बोलू नका! मला सगळं कळलंय. मी उभी राहणार नाही! मी राजीनामा देणार नाही! मी बाहुली नाही!" आणि सुटले जी सुटले... शिडी आली, खुर्ची आली, कंगवासुद्धा आला, जो भाषणात नव्हता! हे नुसते बघतायत. माझा दम संपला, तेव्हा शांतपणे म्हणाले,

"अगं, पण तुला कोण उभं करतंय?"

...

"म्हणजे?"

"आई उभी राहतीये. पक्षानं तिकीट दिलं. तेच सांगायला आलो होतो."

आणि दारात सासूबाई! नवा चष्मा, केस चापूनचोपून, हातात कागद. "सूनबाई, तुझं झालं असलं तर मी जरा भाषणाची तालीम करते. तू फार हातवारे करतेस हं."

घरात बायका दोन आहेत, हे गणिताच्या बाईच्या लक्षात आलं नाही! शोभतं का?

आता खरं म्हणजे मी काय करायला हवं होतं? सुटले म्हणून पेढा खाऊन गप्प बसायला हवं होतं. पण नाही! माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "का? मी काय वाईट आहे?" म्हणजे बघा! नको होतं, जिवावर आलं होतं, पण निदान विचारायचं तरी! हे म्हणाले, "तू खरं बोलतेस गं. एकदम तोंडावर. प्रचारात नाही चालत ते."

बरं, सासूबाई तरी काय गोड बोलत होत्या? मोडक्या गुडघ्यांनी गाडीतून उतरायच्या आणि म्हणायच्या, "माझा मुलगा दोनदा निवडून आला, काही केलं का त्यानं तुमचं? नाही ना? माझंही नाही केलं. म्हणून मी आले." लोक वेडे झाले! यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. सासूबाई अशा निवडून आल्या, की यांना दोन्ही वेळेला मिळून तेवढी मतं पडली नसतील. घरात गर्दी, माझ्या ओट्यावर हारांचा ढीग, आणि त्या गर्दीत मी त्यांना गाठलंच. म्हटलं, "आई, आता तुम्ही आमदार. तेवढा नळ." म्हणाल्या, "उद्या होईल."

आणि झालंच की! दुसऱ्या दिवशी तो समोरच्या गटाचा प्लंबर हजर. सासूबाईंनी त्याला रीतसर पक्षात घेतलं, सगळ्यांसमोर, टाळ्यांच्या कडकडाटात. भाऊ आणि मेहुण्यासकट! मी आनंदानं ओटा रिकामा केला, खाली बादली ठेवली. तो आत आला. पांढरा शुभ्र शर्ट, इस्त्रीची घडी मोडलेली नाही. पाना कुठाय? पाना नाही! नळाकडे बघितलं, मान हलवली, माझ्याजवळ आला... आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, मी जातीनं लक्ष घालतो."

 मी बादली तिथंच ठेवली.

पण ती खुर्ची मला मिळाली हं! यावेळी मिळाली. नवे अध्यक्ष म्हणाले, तुमच्या कामाकडे बघून दिली. आमदारबाईंच्या सुनेला दिली की मला दिली, हा संशय मी मनातून काढून टाकलाय. म्हणजे टाकत असते, रोज सकाळी. पहिल्या दिवशी लवकर गेले, दार लावलं आणि त्या खुर्चीत बसून गोल फिरले. दोनदा! खिडकीतून मैदान बघितलं, आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात दार वाजलं. सहावीच्या बाई. नव्या आहेत, तरतरीत, एकदम तावातावानं आत आल्या. "बाई, मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा नळ गळतो. मी तीनदा सांगितलं आधीच्या बाईंना, कुणी ऐकत नाही. खाली चिखल होतो, कालच एक मुलगी घसरली. आज काहीतरी झालंच पाहिजे!"

अगदी बरोबर बोलत होत्या. मी मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास, अशीच हवी. आणि मी उठले. टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेले. आता मी काहीतरी बोलणार, तर त्या डोळे बारीक करून माझ्या हाताकडे बघायला लागल्या. अशा बघत होत्या, जशी मी इतकी वर्षं बघत आले! म्हणून मीही बघितलं.

हात त्यांच्या खांद्यावर होता. माझाच!

काय करणार... आता दोन नळ गळतायत, एक घरातला आणि एक शाळेतला. पण तुम्ही काळजी करू नका, मी जातीनं लक्ष घातलंय.