माइक चालू होईपर्यंत

ताई : अरे, पण सकाळपर्यंत वायफाय होतं ना यात?

बारक्या : होतं, जुन्या सिस्टिममध्ये. ती काढून आता मी लिनक्स टाकलंय. त्याला या लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड ओळखता येत नाहीये. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, वेगळा घालावा लागतो.

ताई : मग घाल.

बारक्या : तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो.

ताई : आणि इंटरनेट कधी येणार?

बारक्या : ड्रायव्हर घातल्यावर.

ताई : धन्य आहे!

बारक्या : टोमणे नंतर मार, ताई.

ताई : नंतर कधी? चारला बाबांच्या स्पीच थेरपीच्या मॅडम ऑनलाइन येतील. मागच्या वेळी लॅपटॉप अडकला म्हणून तास बुडाला. आजही बुडाला तर ती वेळ दुसऱ्या पेशंटला देणार, स्पष्ट सांगितलंय त्यांनी.

बारक्या : अडकत होता म्हणूनच बदललं ना! लिनक्स जुन्या मशीनवर पळतं म्हणतात.

ताई : म्हणतात! तू आधी कधी टाकलं होतंस?

बारक्या : व्हिडिओ बघितले होते.

ताई : मी बाबांना आंघोळ घालून बाहेर येते, तर हा पठ्ठ्या सगळं पुसून बसलेला. एका शब्दाने विचारायचंस तरी.

बारक्या : त्यातले फोटो पेनड्राइव्हवर काढून घेतलेत आधी. आणि आजच्यापुरता तास फोनवर करू, त्यात काय एवढं?

ताई : पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांना उजव्या बाजूचं नीट दिसत नाही. मॅडमचे ओठ बघून शब्द जुळवतात ते. एवढ्याशा फोनवर ओठ कुठून दिसणार? तू कधी बसलायस त्या तासाला?

बारक्या : फोन दे तुझा.

ताई : माझा कशाला?

बारक्या : केबलने लॅपटॉपला जोडतो. फोनचं इंटरनेट त्याला मिळेल... हे काय, काहीच दिसत नाहीये. ही कसली केबल?

ताई : स्वयंपाकघरातली, चार्जिंगची.

बारक्या : म्हणजे हिच्यातून फक्त वीज जाते. दुसरी आहे?

ताई : माझ्या पर्समध्ये बघ. आणि सावकाश, पर्सपण उलटीपालटी करशील.

बारक्या : मिळाली. हं, आलं! इंटरनेट आलं! आता एक ओळ टाइप करायची, मग पासवर्ड... ताई, कीबोर्डपण गेला वाटतं.

ताई : आता काय?

बारक्या : पासवर्ड टाइप करतोय, पण अक्षर उमटत नाही. साधा ठिपकाही नाही.

ताई : एंटर मारून बघ.

बारक्या : असा कसा मारू? काही उमटलंच नाही तर...

ताई : मार रे!

बारक्या : अगं, घेतला की! म्हणजे दाखवतच नाही तो पासवर्ड. कमाल आहे. उतरतोय बघ ड्रायव्हर. झालं की बंद करून चालू करायचा.

ताई : तोवर मी बाबांना घेऊन येते. (आत जाऊन बाबांना हाताला धरून आणते.) बाबा, या, इथे खुर्चीत बसा. बारक्या लॅपटॉप दुरुस्त करतोय तुमचा.

बाबा : पा... पा...

बारक्या : पाणी? पाणी हवंय? आणतो.

ताई : थांब. तू नको सांगूस शब्द.

बाबा : पा... पाय.

ताई : तुझी वायर त्यांच्या पायात आलीये. उचल.

बारक्या : सॉरी, बाबा. हां, सुरू झाला... ताई, वायफाय! आपलं वायफाय दिसतंय!

ताई : देव पावला. लाव आता कॅमेरा.

बारक्या : चेहरे दिसतायत आपले. आता माइक. बोल काहीतरी, ही पट्टी हिरवी होऊन हलायला हवी.

ताई : हॅलो. हॅलो! ऐकू येतंय का?

बारक्या : ढिम्म.

ताई : म्हणजे?

बारक्या : माइक घेत नाहीये आवाज.

ताई : बोलायला शिकायचा तास आहे, बारक्या! माइकच नसेल तर त्यांनी काय हातवारे करायचे?

बारक्या : ओरडू नकोस. शोधतोय. हे बघ, नेटवर एकाने विचारलंय, याच लॅपटॉपचा माइक चालत नाही. खाली दुसरा म्हणतो, माझाही नाही. तिसरा म्हणतो, माझा सुरू झाला, धन्यवाद.

ताई : कसा झाला?

बारक्या : ते नाही लिहिलंय मेल्याने.

ताई : पंधरा मिनिटं राहिली.

बारक्या : हे एक आणखी टाकून बघतो. आवाजासाठीचं वेगळं असतं म्हणे... टाकलं. बंद करून चालू... बोल.

ताई : हॅलो.

बारक्या : नाही. थांब, इथे दोन माइक दाखवतोय. आपल्याला आतला हवा आणि याने बाहेरचा धरलाय. बदलला. आता रेकॉर्डिंग चालू करतो. बोल.

ताई : काय बोलू? दमले रे मी. तू महिन्यातून एकदा येतोस, काहीतरी खोलून बसतोस आणि संध्याकाळच्या गाडीने जातोस. मागच्या वेळी मिक्सर, त्याच्या आधी बाथरूमचा गीझर. निस्तरायचं मी.

बारक्या : मदतच करत होतो ना!

ताई : मदत करायची तर त्यांच्याजवळ बस. येऊन त्यांच्याशी दोन वाक्यं बोलत नाहीस.

बारक्या : काय बोलू? ते शब्द शोधत राहतात. मला बघवत नाही, ताई. गल्लीच्या टोकावरून हाक मारायचा हा माणूस. मग मी घाईने काहीतरी सुचवतो, ते चुकतं, ते चिडतात. मग वाटतं, निदान यंत्र तरी दुरुस्त करावं.

ताई : मला बघवतं असं वाटतं तुला?

बारक्या : तसं नाही म्हणालो.

ताई : रोज सकाळी त्यांना माझं नाव आठवेल की नाही, या धास्तीने मी त्यांच्या खोलीत जाते. तुला निदान गाडी पकडून जाता येतं.

बारक्या : जाऊ दे. मी फोनचंच काहीतरी बघतो. उंचावर ठेवू, जवळ...

ताई : थांब, हे काय? आकडे पळतायत अजून.

बारक्या : अरे! रेकॉर्डिंग बंदच केलं नव्हतं मी. काही आलंय का बघू.

(लॅपटॉपमधून खरखर आणि मग आवाज येऊ लागतात.)

ताईचा आवाज : ...येऊन त्यांच्याशी दोन वाक्यं बोलत नाहीस.

बारक्याचा आवाज : काय बोलू? ते शब्द शोधत राहतात. मला बघवत नाही, ताई...

बाबांचा आवाज : ह... हल...

बारक्याचा आवाज : ...मग मी घाईने काहीतरी सुचवतो, ते चुकतं...

बाबांचा आवाज : हल... ली.

ताईचा आवाज : मला बघवतं असं वाटतं तुला?

बाबांचा आवाज : प... पट्टी. हलली.

बारक्या : ताई.

ताई : ऐकलं.

बारक्या : पट्टी हलली म्हणाले. दोन शब्द, सलग. ते पडद्याकडे बघत होते आणि आपण...

ताई : आपण भांडत होतो. बाबा, तुम्ही सांगत होतात आम्हाला?

बाबा : क... के... व्हा...

बारक्या : केव्हाच...

ताई : श्श. सांगू दे त्यांना.

बाबा : के... व्हा...

बारक्या : ताई, मॅडमचा कॉल येतोय.

ताई : पाच मिनिटं थांबा म्हणावं.

बारक्या : काय कारण सांगू?

ताई : सांग, बाबा बोलतायत.