मागच्या काचेवरची टकटक

मी फिर्यादीची थोरली बहीण, वय एक्केचाळीस, धंदा मोटारींच्या सीटची कव्हरे व गाद्या शिवणे, राहणार भावाच्याच घरी, गॅरेजमागच्या खोलीत. मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःहून ठाण्यात आले असून समक्ष सांगते ते असे.

घरात आम्ही तिघे, मी, भाऊ आणि वडील. भाऊ जुन्या मोटारी नीट करून विकतो. काल रेल्वे फाटकात मोडली ती गाडी महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतली, अमेरिकन बनावटीची, चार दारांची, मोठ्या कुटुंबासाठी काढलेली होती. आम्ही तिला हत्तीण म्हणतो. वडिलांनी तिचा नुसता सांगाडा आणला होता. इंजिन भावाने उभे केले आणि आतले सगळे शिवणकाम माझे आहे. मागची सीट खाटेएवढी रुंद आहे. गुडघे धरल्यापासून वडील दुपारी जेवून तिच्यावरच आडवे होतात. घरात पलंग आहे, पण तो त्यांना टोचतो म्हणे.

मागच्या दारांच्या आतल्या मुठी कुठेही मिळाल्या नाहीत. भावाने त्या जागी कातडे ताणून घेतले, त्यामुळे ती दारे फक्त बाहेरून उघडतात. चहाच्या वेळी मी जाऊन दार उघडते. मला उशीर झाला तर वडील बोटातल्या अंगठीने काचेवर टकटक करतात.

काल सकाळी जाहिरात वाचून एक गृहस्थ आले. त्यांचे चष्म्यांचे दुकान आहे. घरात सात माणसे आहेत आणि सगळ्यांना एका गाडीत बसवायचे आहे, असे ते म्हणाले. सीटवरून हात फिरवून त्यांनी विचारले, "ही शिवण हाताची का?" मी म्हटले, "पायाची. मशीन पायाने चालतं." ते हसले. भाऊ हसला नाही. पुढे बोलणी लांबली, त्यांना घरीच जेवायला बसवले. जेवणानंतर दोघे ओट्यावर कागदपत्रे बघत बसले, तेवढ्यात वडील नेहमीप्रमाणे गाडीत जाऊन झोपले. पुढच्या सीटची पाठ उंच आहे. मागे आडवा झालेला माणूस पुढून दिसत नाही.

आता भावाची पद्धत सांगणे भाग आहे. गाडी चालवून बघायला देण्याआधी तो बॉनेटखालची पेट्रोलची तोटी गुपचूप बंद करतो. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी जाते आणि थांबते. मग हा स्कूटरवरून मागोमाग जातो, तोटी उघडतो आणि म्हणतो, "जुनी आहे, रुसते कधी कधी." गिऱ्हाइकाने गाडी घेऊन पळू नये म्हणून ही युक्ती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. हत्तीण इतके दिवस खपली नाही ती यामुळेच, असे माझे मत आहे. मत लिहिता येत नाही असे मला सांगण्यात आले. तरी लिहावे.

आजवर ती दर वेळी रेल्वे फाटकाच्या बरीच अलीकडे थांबली होती. काल सकाळी भावाने कार्बोरेटर साफ करून बसवला होता. गाळ निघाल्याने त्यात पेट्रोल जास्त मावले आणि ती नेहमीपेक्षा पुढे गेली.

मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले तेव्हा तिथे गाडी नव्हती. भाऊ स्टुलावर बसून हात पुसत होता.

"बाबा कुठेत?"

"घरात असतील."

"घरातून तर मी येतेय. बाबा कुठेत?"

"गाडी दिलीय त्यांना चक्कर मारायला. काळजी करू नकोस, तोटी बंद आहे. जाऊन जाऊन जाणार कुठे?"

एवढे बोलला आणि त्याच्या हातातले फडके खाली पडले. आम्ही स्कूटरवर निघालो. फाटकाअलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी दिसली नाही. चहाचा कप माझ्या हातात तसाच आहे, हे मला टाकीपाशी कळले.

फाटक पडलेले होते. हत्तीण रुळांवर आडवी उभी होती. फाटकवाला लाल झेंडा घेऊन येणाऱ्या रेल्वेच्या दिशेने पळत होता. चष्मेवाले इंजिन चालू करून करून थकले असावेत. ते उतरून फाटकाच्या दांड्याखालून बाहेर आलेले होते. मी स्कूटरवरून उडी मारली. कप तिथेच फुटला. तेवढ्यात टकटक ऐकू आली. ती मी, भाऊ आणि चष्मेवाले, तिघांनीही ऐकली.

मी "बाबा" एवढेच म्हणाले. चष्मेवाल्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते वाकून परत दांड्याखालून आत गेले. मीही धावले, पण भावाने माझा दंड धरला. दंडावर वळ आहे, तो महिला शिपायांना दाखवला आहे. त्याने मला वाचवले की अडवले, हे मला सांगता येणार नाही. तो स्वतः आत गेला नाही, एवढे सांगता येते.

चष्मेवाल्यांनी मागचे दार उघडले. वडील अंगाने भारी आहेत, शिवाय झोपेतून उठलेले. "माझी चप्पल राहिली," असे ते म्हणत होते. चष्मेवाल्यांनी वडिलांना काखेत धरून ओढले आणि दोघे खडीवर पडले, वडील वर, ते खाली. रेल्वेने ब्रेक लावलेले होते, तरी तिने हत्तिणीची मागची बाजू नेली. जिथे वडील झोपत होते ती सीट आता नाही. वडिलांचे कोपर खरचटले. चष्मेवाल्यांचा उजवा हात मोडला आणि तो प्लास्टरमध्ये घेऊन ते काल संध्याकाळपासून इथल्या कोठडीत बसले आहेत.

भावाने फिर्यादीत म्हटले आहे की टाकीपाशी वळायला सांगितले असताना हा इसम चोरीच्या इराद्याने पुढे गेला. हत्तीण टाकीपाशी वळत नाही. तिथे रस्ता अरुंद आहे आणि ती लांब आहे. भाऊ स्वतः फाटक ओलांडून पलीकडच्या मैदानात वळवतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरही नाही.

गाडीचे पुढचे अंग शाबूत आहे. तोटी अजून बंद असेल. पंचनाम्याआधी तिला कोणी हात लावू नये. तोटी फिरवायचा पाना भावाने आज सकाळी खिशात घातला होता. तो मी काढून आणला आहे आणि इथे जमा करते.

ठाण्याच्या आवारात भाऊ मला म्हणाला, "ताई, घरातलं घरातच राहू दे. तू राहतेस कुठे, ते विसरू नकोस." मी विसरलेली नाही. म्हणूनच पत्ता पहिल्या ओळीत लिहून दिला आहे.

लिहिलेले सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे, फक्त जिथे जिथे 'आरोपी' लिहिले होते तिथे मी 'चष्मेवाले' करायला लावले आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही केली. पत्ता बदलला तर ठाण्यात येऊन कळवीन.