सोयाबीनच्या दह्याबरोबरच्या गोळ्या

सोयाबीनच्या दह्याचं कौतुक माझ्यासमोर करू नका. नाना, म्हणजे माझे सासरे, शुगरचे पेशंट. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांच्या जोडीला हे दही खायला हरकत नाही. मी सोयाबीनचं दूध काढून रोज विरजण लावायचे. तरी नानांची शुगर वाढली, वर सासूबाईंना चक्कर यायला लागली. दोघांनाही धुळ्याला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "नाना, गोळ्या घेता ना?"

"दही चालू शे, मंग गोळ्या कशाले?"

"मग गोळ्यांचं काय करता?"

"फेकी देऊ का? हिले देस मी. हिले दही आवडत नही."

डॉक्टरांनी वळून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंना शुगर कधी नव्हतीच.

त्या शांतपणे म्हणाल्या, "आजनी गोळी बी खाई लिधी मी, निंघताना."